एका नटीची मूठमाती

इसवी सन १७३० च्या मार्च महिन्यातील एका रात्री, पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठाजवळच्या एका ओसाड जागेत काही माणसांनी घाईघाईने खड्डा खणला आणि त्यात एका स्त्रीचा देह पुरून टाकला. पुढे क्रूस नव्हता, मेणबत्ती नव्हती, धर्मगुरू तर नव्हताच. ती स्त्री होती आद्रियेन लकूव्रर, कोमेदी-फ्रान्सेज या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची अग्रगण्य नटी. २० मार्च रोजी, वयाची ३८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ती मरण पावली होती. मृत्यूपूर्वी नटीच्या व्यवसायाचा त्याग केल्याचे तिने लिहून दिले नव्हते, म्हणून सें-स्युल्पिसच्या पॅरिश धर्मगुरूंनी तिला ख्रिस्ती मूठमाती नाकारली. व्होल्तेअरने संतापून तिच्यावर कविता लिहिली. ख्रिस्तसभेवर टीका करण्याची संधी व्होल्तेअर सहसा सोडत नसे हे खरे, परंतु या वेळी ती संधी आपणच त्याच्या हाती दिली होती, हेही तितकेच खरे.

यानंतर १९३ वर्षांनी, २९ मार्च १९२३ रोजी, त्याच पॅरिस शहरात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या मंदिरातून दुसऱ्या एका नटीची शवपेटी बाहेर पडली. तो पवित्र सप्ताहातील गुरुवार होता. पवित्र गुरुवारी मृतांसाठी मिस्सा अर्पण करता येत नाही, उपासनेचा हा नियम आजही आहे. म्हणून शवपेटीवर अंत्यप्रार्थना म्हटल्या गेल्या, आशीर्वाद दिला गेला आणि अंत्ययात्रा पेर-लाशेजच्या दफनभूमीकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या होत्या. त्या नटीच्या स्वतःच्या नाट्यगृहासमोर यात्रा क्षणभर थांबली. तिचे नाव सारा बर्नार.

या दोन मूठमातींच्या मध्ये काय घडले, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

प्रथम त्या नियमाविषयी. नटांना साक्रामेंतांपासून दूर ठेवण्याची प्रथा फार जुनी. इ. स. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या धर्मसभेने असे ठरविले की, रंगभूमीवर काम करणारे जोवर ते काम करीत आहेत तोवर त्यांना ख्रिस्तशरीर देऊ नये. त्या काळची रोमन रंगभूमी म्हणजे मूर्तिपूजकांच्या उत्सवांचा भाग, त्यात बीभत्स प्रकार पुष्कळ. तेव्हा त्या आचार्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु सतराव्या शतकात, रासीन आणि मोलिएर यांच्या फ्रान्समध्ये, तोच नियम जसाच्या तसा लावला गेला. पॅरिस धर्मप्रांताच्या विधिग्रंथात नटांची गणना उघड पापी माणसांत होई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की रोमच्या विधिग्रंथात असे काही नव्हते. इटलीत नट मिस्साला जात, संस्कार घेत आणि मेल्यावर मंदिराच्या आवारात पुरले जात. म्हणजे हा विश्वव्यापी ख्रिस्तसभेचा सिद्धान्त नव्हे, तर फ्रान्समधील काही धर्मप्रांतांची कडक शिस्त होती. पण पॅरिसमध्ये मरणाऱ्या नटाला या फरकाचा काय उपयोग?

१७ फेब्रुवारी १६७३ रोजी मोलिएर रंगमंचावर भूमिका करीत असतानाच अत्यवस्थ झाला आणि घरी नेल्यावर मरण पावला. त्याने धर्मगुरूंसाठी निरोप धाडला होता. दोघांनी येण्यास नकार दिला, तिसरे आले तोवर उशीर झाला होता. त्याच्या पत्नीला आर्चबिशपांकडे आणि खुद्द राजाकडे पदर पसरावा लागला, तेव्हा कोठे रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता दफन करण्याची परवानगी मिळाली. आद्रियेनला तेवढेही मिळाले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रारंभी, १७८९ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय सभेने नटांना नागरी हक्क दिले. पुढच्या शतकात मंदिराचे दारही हळूहळू उघडत गेले.

अशा काळात, ऑक्टोबर १८४४ मध्ये, साराचा जन्म झाला. नेमकी तारीख सांगता येत नाही, कारण पॅरिसच्या नगरभवनातील जन्मनोंदी १८७१ च्या कम्यूनच्या आगीत जळाल्या. आई मूळची हॉलंडची ज्यू स्त्री, पॅरिसमधील श्रीमंतांच्या आश्रयाने राहणारी. वडिलांचे छत्र नाही. मूल ब्रिटनी प्रांतातील एका दाईकडे ठेवलेले. पुढे मुलीला व्हर्सायजवळच्या ग्राँशाँ येथील धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठविण्यात आले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात साराने या कॉन्व्हेंटविषयी जितक्या मायेने लिहिले आहे तितके स्वतःच्या आईविषयीही लिहिलेले नाही. (या आत्मचरित्रातील सर्वच गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. नटीला प्रसंग रंगविण्याची सवय असतेच.) तापट, हट्टी, मधूनच आजारी पडणारी ही मुलगी तेथील मदर सुपिरियरच्या शब्दाखातर मात्र शांत होई.

तिच्या आयुष्यातील पहिली भूमिका याच कॉन्व्हेंटमधली. पॅरिसचे आर्चबिशप सिबूर भेटीस येणार म्हणून तोबीतच्या ग्रंथावरून एक छोटे नाटक बसविण्यात आले. साराला त्यात काहीच काम नव्हते. पण रफाएल देवदूताचे काम करणारी मुलगी ऐन वेळी घाबरून रडू लागली, आणि सगळ्यांचे संवाद ऐकून ऐकून पाठ केलेली सारा देवदूत होऊन पुढे आली. आर्चबिशपांनी तिचे कौतुक केले आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुन्हा येण्याचे वचन दिले, असे ती लिहिते. ते वचन पुरे व्हायचे नव्हते. ३ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसमधील एका मंदिरात, भर उपासनेत, एका बडतर्फ धर्मगुरूने आर्चबिशपांचा खून केला. साराचा बाप्तिस्मा व प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार कॉन्व्हेंटमध्येच झाला आणि तिने निश्चय केला की आपणही धर्मभगिनी व्हायचे.

तसे घडले नाही. घरच्या बैठकीत, आईच्या परिचयाचे द्यूक द मोर्नी यांनी सुचविले की या मुलीला नाट्यशिक्षणाच्या शाळेत घालावे. १८६० साली ती तेथे दाखल झाली. १८६२ मध्ये कोमेदी-फ्रान्सेजमध्ये तिने पहिले पाऊल टाकले, ते रासीनच्या 'इफिजेनी'त. समीक्षकांना ती फारशी आवडली नाही. पुढच्याच वर्षी एका ज्येष्ठ नटीच्या श्रीमुखात भडकावल्यामुळे तिला ते नाट्यगृह सोडावे लागले. १८६४ च्या डिसेंबरात तिला मुलगा झाला, मॉरिस. तिचे लग्न झालेले नव्हते. मुलाचे वडील बेल्जियमच्या एका राजघराण्यातील असल्याचे सांगितले जाई. साराने ही गोष्ट कधी लपविली नाही, मुलगा स्वतःजवळ ठेवला आणि वाढविला. यापुढच्या तिच्या खाजगी आयुष्याचा हिशेब मांडण्याचे माझ्या मनात नाही. त्या आयुष्याचे मी समर्थनही करू शकत नाही. पण त्या काळी अशा मुलांचे पॅरिसमध्ये काय होई, किती अर्भके अनाथालयांच्या दाराशी सोडली जात, हे ज्याला ठाऊक आहे तो या एका गोष्टीसाठी तिला मान दिल्यावाचून राहणार नाही.

खरे यश ओदेओं नाट्यगृहात आले. येथेच १८६७ साली रासीनच्या 'अताली' या बायबलवर आधारलेल्या नाटकात तिने झकऱ्या नावाच्या मुलाचे काम केले. हे नाटक मूळ लिहिले गेले ते १६९१ साली, सें-सिर येथील मुलींच्या शाळेसाठी. ज्या समाजात नटाला मूठमाती मिळत नव्हती, त्याच समाजात धर्मनिष्ठ घरच्या मुली शाळेत नाटक करीत होत्या! १८६९ मध्ये कॉप्पे यांच्या 'ल पासां' या एकांकी काव्यनाट्यात एका भटक्या गायक मुलाची भूमिका करून ती पॅरिसची लाडकी झाली.

पुढच्याच वर्षी प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. साराने ओदेओं नाट्यगृहाचे रुग्णालय केले. ओळखीपाळखीच्यांकडून धान्य, ब्रँडी, कपडे मागून आणले आणि जखमी सैनिकांच्या शुश्रूषेत रात्रंदिवस राबली. हिवाळा कडक होता. जळण संपले तेव्हा नाट्यगृहातील बाकडी आणि रंगविलेले पडदे-देखावे चुलीत गेले. तोफगोळे पडू लागल्यावर जखमींना तळघरात हलवावे लागले.

युद्धानंतरचा काळ यशाचा. १८७२ मध्ये व्हिक्तोर ह्यूगोच्या 'रुई ब्लास'मधील राणी, त्यानंतर कोमेदी-फ्रान्सेजमध्ये सन्मानाने पुनरागमन, १८७४ मध्ये रासीनची 'फेद्र', १८७७ मध्ये ह्यूगोच्याच 'एर्नानी'तील दोन्या सोल. हे नाटक पाहून वृद्ध ह्यूगोने तिला अश्रूच्या आकाराचा एक हिरा पाठविला. तिच्या आवाजाला लोक 'सोन्याचा आवाज' म्हणू लागले. १८८० मध्ये व्यवस्थापनाशी पटेनासे झाले, तेव्हा तिने राजीनामा दिला. करार मोडल्याबद्दल एक लाख फ्रँकचा दंड झाला, आणि ती स्वतःची मंडळी घेऊन अमेरिकेला निघाली. ५१ शहरांत १५७ प्रयोग झाले.

८ नोव्हेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कमधील पहिल्या प्रयोगासाठी तिने निवडलेले नाटक होते स्क्रिब व लगूव्हे यांचे 'आद्रियेन लकूव्रर'. सीनकाठच्या त्या निनावी खड्ड्यातील नटी दीडशे वर्षांनी अटलांटिक ओलांडून गेली. साराला या पूर्वसूरी नटीचे फार आकर्षण होते. पुढे १९०७ मध्ये तिने आद्रियेनवर स्वतःच एक नाटक लिहून रंगभूमीवर आणले, आणि १९१३ मध्ये त्या विषयावरच्या चित्रपटातही काम केले.

अमेरिकेहून ती त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडातील माँट्रियलला गेली. तेथील बिशप फाब्र यांनी श्रद्धावंतांना जाहीरपणे बजावले की 'आद्रियेन लकूव्रर' पाहण्यास जाऊ नये. त्या नाटकात बायकांच्या मागेपुढे करणारा एक छचोर आबे आहे हे ध्यानात घेतले, तर बिशपांची अस्वस्थता समजू शकते. पण नाटकगृह मात्र भरले. १९०५ साली ती पुन्हा तेथे गेली, तेव्हाही आर्चबिशप ब्रुशेजी यांनी तशीच ताकीद दिली. व्यासपीठावरून एखाद्या नाटकाला जाऊ नका म्हटले की दुसऱ्या दिवशी तिकिटे संपतात, हा अनुभव सर्व देशांतील धर्मगुरूंना सारखाच आलेला दिसतो.

१८८२ मध्ये तिने दामाला नावाच्या ग्रीक नटाशी लंडनमध्ये लग्न केले. तो दिसायला देखणा, अभिनयात सामान्य आणि मॉर्फिनच्या पूर्ण आहारी गेलेला. दोघे लवकरच वेगळी झाली. पण त्याच्या अखेरच्या आजारात तिने त्याला आपल्या घरी आणले आणि १८८९ मध्ये तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. सार्दूने तिच्यासाठी लिहिलेली 'फेदोरा', 'तेओदोरा' आणि 'ला तोस्का' ही नाटके याच दशकातली. त्यांनी पैसा अमाप दिला, पण वाङ्मय म्हणून त्यांची किंमत फारशी नाही. त्यापेक्षा तिने केलेल्या पुरुषभूमिका अधिक मोलाच्या वाटतात. म्युसेचा लोरेंझाच्यो १८९६ साली आणि हॅम्लेट १८९९ साली केला. १९०० साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिने रोस्ताँच्या 'लेग्लाँ'त नेपोलियनच्या वीस वर्षांच्या मुलाचे काम केले.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे नाटक मात्र दुसरेच. १४ एप्रिल १८९७ रोजी, पवित्र सप्ताहातील बुधवारी, तिच्या रनेसाँस नाट्यगृहात रोस्ताँचे 'ला सामारितेन' रंगभूमीवर आले. योहानच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची ही कथा. याकोबाच्या विहिरीवर घागर घेऊन आलेली, पाच नवरे झालेली ती स्त्री, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा तो थकलेला वाटसरू. रोस्ताँची कविता माझ्या मते अतिगोड आहे. शुभवर्तमानातील तो कोरडा, रोखठोक संवाद त्याने गुलाबपाण्यात भिजविला आहे. तरी त्या सायंकाळी काय घडले असेल याची कल्पना करून पाहावी. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला साराचे आयुष्य पाठ होते. ती स्वतःच्या आयुष्याचा पडदा बाजूला सारून त्या विहिरीशी उभी राहिली. संत जॉन मारी व्हियाने यांच्या फ्रान्सला पापी स्त्रीच्या परिवर्तनाची प्रवचने नवी नव्हती, पण हे प्रवचन नाटकगृहात आणि नटीच्या तोंडून होत होते. हे नाटक तिने पुढेही अनेकदा केले.

त्याच सुमारास द्रेफ्युस प्रकरणाने फ्रान्स दुभंगला. ज्यू लष्करी अधिकारी द्रेफ्युस याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. एमिल झोलाने १८९८ च्या जानेवारीत त्याची बाजू जाहीरपणे मांडली, आणि सारा झोलाच्या पाठीशी उभी राहिली. मुलगा मॉरिस विरुद्ध पक्षाचा. आई-मुलगा काही काळ एकमेकांशी बोलेनासे झाले. दुःखाने नमूद करावेसे वाटते की फ्रान्समधील कॅथोलिकांचा मोठा भाग या वेळी अन्यायाच्या बाजूने होता. असम्प्शनिस्ट संघाच्या 'ला क्रुआ' या दैनिकाने ज्यूंविरुद्ध जे लिहिले ते आज वाचवत नाही. त्या दैनिकाने १९९८ साली त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, शंभर वर्षांनी का होईना. या एका प्रसंगी तरी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली ही नटी अनेक मिस्सा-नियमित माणसांपेक्षा न्यायाच्या अधिक जवळ होती.

चित्रपटाशी तिचा संबंध १९०० पासूनचा. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात 'हॅम्लेट'मधील द्वंद्वाचे छोटेसे चित्रण दाखविण्यात आले. १९१२ मध्ये 'राणी एलिझाबेथ' आला. अमेरिकेतील त्याचे हक्क अडोल्फ झुकोर यांनी घेतले आणि त्या यशावर ज्या कंपनीची उभारणी झाली तिच्यातून पुढे पॅरामाउंट निर्माण झाली. हा चित्रपट आजही पाहता येतो. अंतिम दृश्यात राणी उभ्याउभ्याच उशांच्या ढिगावर कोसळते. आजच्या प्रेक्षकाला ते हातवारे अतिरेकी वाटतील. ज्या आवाजासाठी जग वेडे झाले होते, तो या मूकपटात नाही. आवाजाच्या काही जुन्या तबकड्या उरल्या आहेत, पण त्यांत खरखर जास्त आणि सोने कमी.

तिचा उजवा गुडघा १९०५ मध्ये रिओ येथे 'तोस्का'च्या अखेरच्या उडीत दुखावला होता. तो कधी बरा झालाच नाही. २२ फेब्रुवारी १९१५ रोजी बोर्दो येथे पाय मांडीपासून कापावा लागला. वय सत्तर. लाकडी पाय तिने नाकारला, पालखीसारख्या खुर्चीतून स्वतःला उचलून नेऊ दिले आणि महायुद्धाच्या आघाडीवर जाऊन सैनिकांसमोर प्रयोग केले. तिचे ब्रीदवाक्य होते 'कां मेम', म्हणजे 'तरीसुद्धा'. १९२० मध्ये ती 'अताली'कडे परतली. त्रेपन्न वर्षांपूर्वी जिथे लहान मुलाचे काम केले होते, तिथे आता वृद्ध राणीचे. चालता येत नव्हते, म्हणून राणीला डोलीत बसवून रंगमंचावर आणले गेले. जोन ऑफ आर्क संतपदी पोचली तेही याच वर्षी. साराने जोनची भूमिका १८९० मध्ये आणि पुन्हा १९०९ मध्ये, जोनला धन्यवादित घोषित केल्याच्या वर्षी, केली होती. त्या दुसऱ्या वेळी एकोणीस वर्षांच्या जोनचे काम करणारी सारा पणजीच्या वयाकडे झुकली होती, पण न्यायाधीशांनी वय विचारल्यावर तिने दिलेल्या उत्तराला प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

१९२३ च्या मार्चमध्ये पॅरिसमधील तिच्या घरीच एका चित्रपटाचे चित्रण चालू होते. ते अपुरे राहिले. तिला अंतिम अभ्यंगाचा संस्कार देण्यात आला आणि २६ मार्च रोजी, पवित्र सप्ताहाच्या सोमवारी, तिने मॉरिसच्या मिठीत प्राण सोडला.

आद्रियेनच्या वेळी मूठमाती नाकारणारे धर्मगुरू दुष्ट नव्हते. धर्मप्रांताचा नियम त्यांच्यापुढे होता. साराच्या वेळी १९१७ ची नवी धर्मसंहिता लागू होती. तिच्या १२४० व्या कलमात कोणाला ख्रिस्ती दफन देऊ नये त्यांची यादी आहे. त्यात जाणूनबुजून आत्महत्या करणारे आहेत, द्वंद्वयुद्धात मेलेले आहेत, उघड पापी माणसेही आहेत. मात्र मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दिसले असेल तर दार उघडे ठेवले आहे. नट मात्र त्या यादीत नाहीत. कोणाच्या मूठमातीला 'नाही' म्हणायचे, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक पॅरिश धर्मगुरूच्या दाराशी येतो, आणि तो येतो तेव्हा समोर ग्रंथ नसतो, रडणारे घरचे लोक असतात. म्हणूनच १७३० ची ती रात्र मला इतिहासातील दूरची गोष्ट वाटत नाही.

साराची कथा मात्र दफनभूमीत संपली नाही. १८९९ पासून तिने चालविलेल्या शातले चौकातील नाट्यगृहाला तिचेच नाव होते. जर्मन सैन्याने पॅरिस व्यापल्यावर ते नाव उतरविण्यात आले. बाप्तिस्मा, संस्कार, मंदिरातील प्रार्थना, यांतले काहीच नाझींच्या हिशेबात धरले गेले नाही. तिची आई ज्यू होती, एवढे पुरे झाले. युद्धानंतर नाव परत आले, १९६८ मध्ये नाट्यगृहाचे 'तेआत्र द ला व्हिल' झाले, आणि २०२३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडले तेव्हा दर्शनी नावात 'सारा बर्नार' हे शब्द पुन्हा जोडण्यात आले.